शेवटच्या माणसापर्यंत

"ते भाषन ऐकलेले मिस्त्री तुमीच का?"

बन्सीधरने मान वर केली नाही. बॅटरीच्या तोंडात काचेची नळी बुडवून तो आम्लाची घनता बघत होता. नळीतला तरंगता काटा एका जागी ठरेपर्यंत बाहेरच्या जगाला उत्तर द्यायचं नाही, ही त्याची जुनी सवय होती. काटा ठरला. बॅटरी निम्मी उतरली होती. त्याने नळी पुसून खुंटीला अडकवली आणि मग पायरीकडे पाहिलं.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. लुगडं धुऊन धुऊन विटलेलं, कपाळ मोकळं, पावलांवर काळ्या मातीचे पोपडे वाळलेले. तिच्यामागे छत्री टेकून एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता.

"राम राम मिस्त्री. मी लिंबाजी, बोरीचा. ही माझी चुलती, पारूबाई. नऊ ऑगस्टला आमच्या साळंपुढं दगड उभारायचाय, तवा तुमचा भोंगा पायजे. भोंग्याचं मी एकटाबी बोललो असतो. पर काकीला तुमालाच भेटायचं व्हतं. बोरीपासून वाटभर इचारायलीय, मिस्त्री घरी असंल का, मिस्त्री बोलंल का. मोटारीतल्या लोकाला वाटलं, सोयरीक जमवायला चाललाव."

"कशाचा दगड?"

"चंद्रभानच्या नावाचा," म्हातारी म्हणाली. "मी त्याची माय."

बन्सीधरने हातातलं फडकं खाली ठेवलं.

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, बन्सीधरचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नसे. दारावर एक जुना कर्णा उलटा टांगलेला होता आणि त्यात चिमण्यांनी घर केलं होतं. पोलिस ॲक्शननंतर त्याने मुंबईहून एक वापरलेला ॲम्प्लिफायर आणला. गावात वीज नव्हती, म्हणून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या इंजिनावर बॅटऱ्या भरून घ्यायची सोय त्याने लावली. तेव्हापासून मानवत, पाथरी, सेलूपर्यंतची लग्नं, सप्ताह आणि सभा त्याच्या कर्ण्यांवर होत आल्या होत्या. पण लोक त्याला ओळखत होते ते कर्ण्यांमुळे नव्हे. बेचाळीस साली, लढाई ऐन भरात असताना, मुंबईच्या गवालिया टँकवर गांधीजींनी इंग्रजांना 'चालते व्हा' असं बजावलं, त्या सभेला हा माणूस हजर होता. साऱ्या तालुक्यात असा हा एकच.

निजामाच्या राज्यात ही गोष्ट मोठ्याने बोलायची सोय नव्हती. लोक विजेरी दुरुस्त करायच्या निमित्ताने त्याच्या खोलीवर यायचे, दार लोटून घ्यायचे आणि विचारायचे, "काय म्हणाले?" बन्सीधर सांगायचा, "करा किंवा मरा." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. तो विजेरी विसरून निघून जायचा. राज्य गेल्यावर लोक उघड विचारू लागले. दर वर्षी नऊ ऑगस्टला त्याला खुर्चीवर बसवून हार घालू लागले. आणि दर वर्षी तो तेच तीन शब्द सांगत आला.

त्याच्याजवळ तेवढेच होते. तेही त्याने सभेत ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या एका चहाच्या दुकानात, लोक ओरडून एकमेकांना सांगत होते, तेव्हा ऐकले होते.

"आत बसा मावशी," तो म्हणाला. "अगं ए, पाणी आण."

दुकानामागेच घर होतं. त्याची बायको कस्तुराबाई पाण्याचा तांब्या आणि गुळाचे खडे घेऊन आली आणि दाराशीच टेकली. दुकानात कामानिमित्त आलेल्या बायकांशी चार शब्द बोलल्याशिवाय ती आत जात नसे.

"माझ्या चंद्रभाननं तुमाला गाठलं व्हतं," पारूबाई म्हणाली. "आठवतंय का?"

"आठवतंय."

न आठवायला काय झालं? सत्तेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती. बन्सीधर एका ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग बसवत होता. स्प्रिंग हातातून निसटली तर बोट कापते, म्हणून नजर तिच्यावर होती. दारात एक पोरगेला तरुण उभा राहिला. परभणीच्या शाळेत शिकलेला, बोलणं स्वच्छ. त्यानेही तेच विचारलं आणि बन्सीधरने तेच सांगितलं. पण हा मुलगा गेला नाही. म्हणाला, "आणखी काय म्हणाले?" बन्सीधर स्प्रिंगवरची नजर न काढता म्हणाला, "आणखी काय, एवढंच." मुलगा थोडा वेळ उभा राहिला. "एवढंच कसं असेल?" असं स्वतःशीच म्हणाला आणि गेला. स्प्रिंग बसली तेव्हा बन्सीधरने मान वर केली, तर दारात कुणी नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली, की निजामाविरुद्ध लढणाऱ्या सरहद्दीवरच्या शिबिरातली काही पोरं पैनगंगेच्या काठी मारली गेली आणि त्यात बोरीचा एक चंद्रभान होता. त्या तरुणाचा चेहरा बन्सीधरला कधीच आठवला नाही. आवाज तेवढा आठवत राहिला.

"तुमच्याकडून आला तवा तिन्हीसांज झालती," पारूबाई सांगू लागली. "मी भाकरी करायलते. चुलीपुढं येऊन बसला आन् बोलायला लागला. लय बोलला मिस्त्री. असा कवा बोलत नसं. मानवतच्या मिस्त्रीनं भाषन सांगितलं, म्हनला. मग त्याचंच पुढं काय काय सांगायलता. आन् मी…" ती थांबली. तिने तांब्या तोंडाला लावला, पण पाणी प्यायली नाही. "पीठ जुनं व्हतं. भाकर तव्यावर घातली की चिरायली. मी मेली तव्याकडंच बघायलते. हूं, हूं करायलते. भाकर करपू नये, पोराला चांगली वाढावी, येवढंच ध्येनात. जेवला. म्हनला, मग येऊ ना माय? मी म्हनलं, ये. मला वाटलं, देवळाकडं जायलाय."

कस्तुराबाईने पदर तोंडाला लावला. लिंबाजी छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत राहिला.

"धा वर्सं झाली. रोज तवा चुलीवर चढतो की मला वाटतं, काय बोलायलता त्यो? आता दगड बसवायलेत. मी म्हनलं, दगडाच्या आदी मिस्त्रीला भेटावं. तुमी त्याला जे सांगितलं ते मला सांगा. समदं सांगा. मी कशाकडं बघनार न्हाई, तुमच्याकडंच बघते."

आणि ती खरोखरच त्याच्याकडे बघत राहिली.

बन्सीधरने बऱ्याच वेळा व्हॉल्व्ह बदलले होते, जळालेल्या तारा हुंगून ओळखल्या होत्या. पण असं आपल्यावर कुणी डोळे लावून बसलं, तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मनात पहिला विचार आला तो हिशेबी होता. मी मुलाला दिले तीन शब्द. मग चुलीपुढे बसून तो एवढं काय बोलला? ते भाषण नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं. आणि ते आता कुणाकडेच नव्हतं.

हे मात्र तो म्हणू शकला नाही.

"मावशी, मी तिथं होतो, पण मी ऐकायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "मुंबईत मी ज्यांच्याकडं काम शिकलो, ते माझे उस्ताद कर्णे भाड्यानं द्यायचे. मोठी यंत्रणा दुसऱ्यांची होती. मांडवाच्या बाहेर, रस्त्याकडंच्या लोकांसाठी दोन कर्णे कमी पडले, ते आमचे लागले. मी मशीनपाशी होतो. पावसाची झिमझिम चालू होती आणि तारेच्या एका सांध्यात पाणी शिरलं. कर्णा मधीच बंद पडायचा, मधीच चालू व्हायचा. मग मी तो सांधा असा, चिमटीत धरला. दाबून धरला की आवाज जायचा, जरा सैल पडला की तुटायचा. सगळं भाषण मी तसाच उभा होतो."

"मग कान कुठं व्हते?"

"कानबी सांध्यावरच. उस्तादांची शिकवण होती. म्हणायचे, ऑपरेटरनं भाषण ऐकायचं नसतं, आवाज ऐकायचा. कुठं फाटतोय, कुठं घुमतोय, कुठं पोचत न्हाई. जो भाषण ऐकत बसतो त्याची मशीन जळते. सभा संपल्यावर एकच इचारायचे, शेवटच्या माणसाला ऐकू आलं का? मी म्हणालो, आलं. खरंच आलं होतं. रस्त्यापलीकडच्या माणसांचे चेहरे मला दिसत होते."

"यांचं असंच हाय मावशी," कस्तुराबाई मध्येच बोलली. तिला राहवलं नाही. "घरात आग लागली म्हनून मी बोंब मारली ना, तर हे म्हनतील आवाज जरा फाटतोय."

लिंबाजी हसला. पारूबाई हसली नाही. रागावलीही नाही. तिने बन्सीधरचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला, आणि अंगठा व तर्जनी निरखून पाहिली.

"ह्याच बोटांत धरली व्हती तार?"

"हो."

"काय कळलं का बोटाला?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बन्सीधरने त्या बोटांकडे पाहिलं. मग तो हळूहळू, आठवून आठवून म्हणाला, "मुंग्या येतात, मावशी. तारेतून आवाज जातो ना, ती बी वीजच. बोलणारा ओरडला की बोटाला झटका बसतो. गांधीजींच्या आदी जे बोलले, त्यांच्या वेळंला बोटं बधिर झाली होती. ह्यांच्या वेळंला मुंग्या बारीक होत्या. एकसारख्या. ओरडतच नव्हते. घरात कुणाला तरी समजावून सांगावं, तसं."

पारूबाईने मान हलवली. "चंद्रभानबी वरडत नव्हता," ती म्हणाली.

मग ती उठली. दारावरच्या उलट्या कर्ण्याकडे बघत म्हणाली, "लिंबा म्हनतो, मीबी भोंग्यात दोन शब्द बोलावं. मी म्हनलं, मला न्हाई येत. पर ह्यातून बोललं तर किती लांब जातं?"

"शेवटच्या माणसापतुर जातं."

"गावाच्या भाईर? पैनगंगंपतुर?"

लिंबाजीने मान फिरवली. बन्सीधर खोटं बोलू शकला असता. पण अंतर आणि आवाज या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

"न्हाई मावशी. वारा मागनं असला तर वेशीपतुर."

"बास झालं मग," ती म्हणाली.

नऊ ऑगस्टला बन्सीधर पहिल्या मोटारीने निघाला. परभणीला मोटार बदलून जिंतूरच्या रस्त्याने बोरीला पोचला. टपावर दोन कर्णे तोंडं खाली करून बांधलेले होते. कर्णा नेताना तोंड खाली, नाहीतर पाणी साचतं, ही आणखी एक उस्तादांची शिकवण. बोरीत त्या दिवशी खुरपणी बंद होती. शाळेपुढचं आवार शेणाने सारवलं होतं आणि पावसाने ते सारवण पुन्हा विरघळायला लागलं होतं. मध्ये चौथऱ्यावर दगड उभा होता, त्यावर पांढरं कापड.

एक कर्णा त्याने शाळेच्या पत्र्यावर बांधला. दुसरा आवाराच्या टोकाच्या निंबावर. निंबावर लिंबाजी चढला.

"नीट आवळा. वाऱ्यानं फिरायला नको."

"मिस्त्री, मी बैल बांधतो रोज. त्यो सुटत न्हाई, तर ह्यो काय सुटतो?"

मग बन्सीधरने आपलं नेहमीचं काम केलं. लिंबाजीला माइकपुढे उभं करून बोलत राहायला सांगितलं आणि स्वतः चालत चालत मागे गेला. बायका बसायच्या त्या भिंतीपर्यंत, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे शेवटची बाई टेकेल तिथपर्यंत. "बोरीच्या समस्त लोकाला कळवन्यात येतंय की माझ्या पायात काटा गेलाय," असं लिंबाजी म्हणत होता आणि जमलेले लोक हसत होते. आवाज कोपऱ्यात स्वच्छ पोचत होता. बन्सीधरने परत येऊन ॲम्प्लिफायरच्या बटणाशी खडूने एक खूण केली.

ती खूण पारूबाईसाठी होती. त्याने ठरवून ठेवलं होतं. ती बोलायला उभी राहिली की बटण खुणेवर ठेवायचं आणि दोन्ही हात मांडीवर घ्यायचे. एवढ्या सभा झाल्या, एकही भाषण त्याला सांगता आलं नसतं. आज एक ऐकायचं. दोनच शब्द असतील, पण ते पुरते ऐकायचे. आपल्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं. निदान ती देईल ते सांडू द्यायचं नाही.

दिनकरराव वकील परभणीहून जीपने आले. गोरे, जाड चष्म्याचे, कमावलेल्या आवाजाचे. दगडावरचं कापड निघालं, नाव दिसलं, टाळ्या झाल्या. पारूबाईला खुर्ची दिली होती. तिला खुर्चीत बसायची सवय नव्हती. ती कडेला टेकून, दोन्ही पाय जमिनीला घट्ट लावून बसली होती.

दिनकरराव पुष्कळ वेळ बोलले. बटण जरा कमी करून बन्सीधर त्यांचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करू लागला. सवय नव्हती, मध्येच त्याचं लक्ष घशाच्या खरखरीकडे जाई, मग तो पुन्हा शब्दांवर यायचा.

"लढाईचे दिवस," दिनकरराव सांगत होते. "इंग्रज ब्रह्मदेशातून मागे हटलेला. तोंडातून शब्द काढायची चोरी. अशा वेळी त्या रात्री ते भाषण झालं आणि उजाडायच्या आत सगळे पुढारी तुरुंगात गेले. मागे राहिलं काय? भाषण. वर्तमानपत्रांचं तोंड बांधलेलं. मग ते भाषण कसं पसरलं? माणसाच्या तोंडून! आपल्याकडे तर निजामाचं राज्य. इथे ते पोचलं, कारण पोचवणारे होते. आणि त्यांतला एक माणूस आज इथे, त्या यंत्रापाशी बसला आहे. बन्सीधररावांनी ते भाषण स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे!"

सगळ्या माना वळल्या. टाळ्या झाल्या. "दोन शब्द, दोन शब्द," कुणीतरी म्हणालं. बन्सीधरने मान हलवून यंत्राकडे बोट दाखवलं. लोकांना तो विनय वाटला.

"लोकांना वाटतं, त्या भाषणात फक्त मरणाची गोष्ट होती," दिनकरराव पुढे म्हणाले. "तसं नाही. मी नंतर ते वाचलं. दोन तासांवर ते बोलले. आजपासून, या घडीपासून, तुम्ही प्रत्येकजण स्वतःला मोकळा माणूस समजा, असं त्यांनी सांगितलं. मोकळ्या माणसासारखं वागा. नोकरी सोडू नका, पण मनाने कुणाचे आहात ते उघड सांगा. संस्थानातल्या लोकांनाही त्यांनी दूर ठेवलं नाही, तुम्हीही आमचेच म्हणाले. मरणाची पाळी आली तर मागे हटू नका, हे खरं. पण आधी मोकळं व्हा. आधी जगून दाखवा."

बन्सीधरचा हात बटणावर तसाच राहिला. हे त्याच्या बोटांतून गेलं होतं. आधी जगून दाखवा, हे त्याच्या या अंगठ्यातून आणि या तर्जनीतून, बारीक मुंग्यांसारखं, रस्त्यापलीकडच्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं होतं. आणि दारात उभ्या राहून 'आणखी काय म्हणाले' असं विचारणाऱ्या मुलाला त्याने सांगितलं होतं, आणखी काय, एवढंच.

त्याने वर पाहिलं. पारूबाई खुर्चीतून त्याच्याकडेच बघत होती. त्या नजरेत दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"आता हुतात्म्याची माता दोन शब्द बोलेल," दिनकररावांनी जाहीर केलं.

लिंबाजीने पारूबाईला हाताला धरून माइकपर्यंत आणलं. बन्सीधरने बटण खुणेवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आवारात एकदम शांत झालं. बायकांच्या बाजूला एक लेकरू कुरकुरलं, त्याला कुणीतरी थोपटलं. पारूबाईने माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला, जात्याचा खुंटा धरावा तसा, आणि तोंड अगदी जाळीला लावलं. तिचा श्वास दोन्ही कर्ण्यांतून आवारभर ऐकू आला.

"माझा चंद्रभान…" ती म्हणाली.

आणि कर्ण्याने शिट्टी मारली.

आधी बारीक, मग कानात सुई घातल्यासारखी. बन्सीधरचा हात त्याच्या नकळत बटणावर गेला. आवाज उतरवला तशी शिट्टी मेली, पण भिंतीकडच्या बायका कानामागे हात धरून पुढे वाकल्या. त्यांना काही पोचत नव्हतं. त्याने निंबाकडे पाहिलं. वाऱ्याने कर्णा फिरला होता. त्याचं तोंड सरळ माइककडे झालं होतं. लिंबाजीची गाठ सुटली नव्हती, घसरली होती. बन्सीधर उठला. बटण पुन्हा खुणेवर नेलं, शिट्टी पुन्हा सुरू व्हायच्या आत आवाराच्या कडेने धावत निंब गाठला, बुंध्याच्या बेचक्यात पाय देऊन वर चढला आणि कर्ण्याला दोन्ही हातांनी धरून भिंतीच्या कोपऱ्याकडे वळवला. गाठ आवळायला तिसरा हात नव्हता. फांदीला पोट टेकवून तो तसाच धरून राहिला. कर्णा त्याच्या हातांत थरथरत होता. जरा डावीकडे नेला की शिट्टीची चाहूल लागे, उजवीकडे आणला की ती जाई. त्याने ती जागा शोधली आणि धरून ठेवली. आता शिट्टी येत नव्हती. आवाज कुठे फाटत नव्हता, कुठे घुमत नव्हता. कोपऱ्यातल्या शेवटच्या बाईचा चेहरा त्याला दिसत होता. ती ऐकत होती. मग तिने पदर डोळ्यांना लावला. तिच्या शेजारणीने लावला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी टोपी काढून हातात घेतली.

पोचतंय, त्याने मनाशी म्हटलं. शेवटपर्यंत पोचतंय.

मग कर्ण्याची थरथर थांबली. पारूबाई माइकपासून दूर होत होती.

निंबाच्या फांदीवर तसाच असताना बन्सीधरला कळलं, की 'माझा चंद्रभान' याच्या पुढचं त्याने एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. आवाज अगदी स्वच्छ होता, एवढंच तो कुणालाही सांगू शकला असता.

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक तसेच उठले.

तारा गुंडाळताना लिंबाजी त्याच्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मिस्त्री, काकी काय बोलली हो! असं बोलंल वाटलं नव्हतं."

"काय म्हणाल्या?" बन्सीधरने तार गुंडाळता गुंडाळता विचारलं.

लिंबाजी त्याच्याकडे बघून ओलं हसला. "तुमी इचारता व्हय? तुमच्याच भोंग्यातून आलं की!" आणि त्याने बन्सीधरच्या पाठीवर थाप मारून कर्णा खांद्यावर घेतला.

वाटेत दोन बायका बोलत चालल्या होत्या. "माफी मागितली बघ पोराची," एक म्हणत होती. "माफी कशाची? त्यो काय जेवला ते सांगायलती," दुसरी म्हणाली. बन्सीधर मागे राहिला. दोघींचं ऐकून जुळवायचं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. चहाच्या दुकानातून एकदा त्याने तसं घेतलं होतं.

मोटार यायला अवकाश होता. पारूबाई रस्त्यापर्यंत त्याला पोचवायला आली. नको म्हटलं तरी आली. पडशीत तिने त्याच्यासाठी भाकरी बांधून आणली होती.

"वकील लय चांगलं बोलले," ती म्हणाली. "मी समदं ऐकलं. मान हलवू दिली न्हाई म्यां. पर मिस्त्री, चंद्रभान ते बोलायलता न्हाई. ते न्हवं. त्याच्या बोलन्यात मधीमधी 'माय' व्हतं. माय, असं. माय, तसं. वकिलाच्यात कुठं 'माय' न्हवतं."

बन्सीधरने तारेचं भेंडोळं खाली ठेवलं.

"तुमाला ते म्हाईत व्हतं."

"व्हय मावशी."

"मलाबी व्हतं," ती म्हणाली. "तरी येकदा इचारून बघावं म्हनलं."

लांबून मोटारीचा आवाज आला. तिने पडशी त्याच्या हातात दिली. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने विचारलं, "आन् मी बोलले ते? मधी शिट्टी वाजायलती. समद्याला ऐकू आलं का?"

"आलं मावशी," बन्सीधर म्हणाला. "शेवटच्या माणसापतुर आलं."

तिचा चेहरा निवला. ती रस्त्याच्या कडेला सरली आणि त्याने टपावर चढून सामान बांधलं. माइकची पेटी फडक्यात गुंडाळली. दोन्ही कर्णे तोंडं खाली करून दोरीने आवळले आणि गाठ एकदा ओढून पाहिली. मोटार जिंतूरच्या रस्त्याने परभणीकडे निघाली, तेव्हा झिमझिम पुन्हा सुरू झाली होती.